रुग्णाच्या दारीं

वांद्रें-अंधेरीकडील जुन्या गांवठाणांतले कित्येक क्रूस १८९६ सालीं मुंबईंत आलेल्या प्लेगची आठवण देतात. साथींत माणूस माणसाला टाळूं लागतो.

गोव्यांत बाणावलीस १६५१ सालीं जन्मलेले फादर जोसेफ वाझ यांनीं मात्र उलट वाट धरली. सिलोनांत डचांनीं कॅथलिक पंथास बंदी घातली होती; म्हणून ते भिकाऱ्याच्या वेषांत तेथें उतरले. कँडींत हेर समजून त्यांना कैदेंत टाकण्यांत आलें. १६९७ सालीं त्याच कँडींत देवीची सांथ आली. आप्तांनीं रोग्यांना रानांत सोडलें. वाझ यांनीं झोपड्या उभारून त्यांची शुश्रूषा केली, मृतांना मूठमाती दिली. धर्म विचारला नाहीं. २०१५ सालीं त्यांना संतपद मिळालें.

शेजारच्या बिऱ्हाडीं कोणी अंथरुणास खिळला असेल, तर त्याच्या दारीं जाण्यास सिलोन गांठावें लागत नाहीं.