आपले दुकान जगास कसे सापडेल?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी पुष्कळांस नवल वाटले असेल. ज्याचा सारा जन्म खडू, फळा आणि हजेरीपट यांच्या सहवासात गेला, त्या मॅट्रिक शिकलेल्या निवृत्त शिक्षकाने संकेतस्थळे व शोधयंत्रे यांविषयी काय बोलावे, ही शंका रास्तच आहे. तिला आमचे उत्तर असे की, हा विषय वरवर यंत्राचा दिसला तरी मुळात तो अक्षरांचा आहे. शीर्षक नेमके असावे, परिच्छेद सुटसुटीत असावेत, अक्षर सुवाच्य असावे आणि उत्तर विचारलेल्या प्रश्नाचेच असावे, हे आम्ही मुलांस वर्षानुवर्षे सांगत आलो. शोधयंत्र आपल्या दुकानाकडून नेमके हेच मागते. ज्ञातीतील काही होतकरू तरुणांच्या साहाय्याने हा विषय आम्ही समजून घेतला, आणि जे समजले ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या ज्ञातीचा परंपरागत धंदा तांब्यापितळेच्या भांड्यांचा. पूर्वी घरात लग्नकार्य निघाले की गिऱ्हाईक आपल्या पायांनी आळीत येई. हातोड्यांचा ठणठणाट हीच आपली जाहिरात होती. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचा पत्ता कोणास विचारावा लागत नसे. कानाने माग काढला म्हणजे झाले. आज रुखवताची समई घ्यावयाची असो की पूजेचे ताम्हन, घरातील सूनबाई प्रथम हातातल्या मोबाइलवर चार शब्द लिहिते. समोर जी थोडी नावे येतात त्यांतूनच ती निवड करते. त्या नावांत आपले नाव नसेल तर आपले दुकान तिच्या लेखी नाहीच. मग मठारून घडविलेली घागर आणि कारखान्यात दाबून काढलेले पातळ भांडे यांतील भेद तिला सांगणार कोण? मठाराचा हातोडा एकदा खाली ठेवला गेला की पुढची पिढी तो सहसा उचलीत नाही. प्रश्न केवळ विक्रीचा नसून हाताच्या विद्येचा आहे, म्हणूनच आम्ही त्यात लक्ष घातले.

प्रथम ही व्यवस्था कशी चालते ते पाहू. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली महाजालाची कल्पना मांडली, आणि १९९३ साली त्या संस्थेने ती कोणासही विनामूल्य वापरण्यास खुली केली. पाने वाढली, तशी हवे ते पान शोधण्याची अडचणही वाढली. लॅरी पेज व सर्जी ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल ही कंपनी स्थापिली. ज्या पानाकडे इतर प्रतिष्ठित पाने बोट दाखवितात ते पान भरवशाचे समजावे, हे त्यांचे मूळ सूत्र होते. पंचक्रोशीतील चार जाणती माणसे ज्याचे नाव घेतात त्याच्याकडे आपणही जातो, तशातलाच हा प्रकार.

शोधयंत्राचे काम तीन पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीवर त्याचा यांत्रिक दूत एका पानावरून दुसऱ्या पानावर दुव्यांच्या वाटेने फिरतो. दुसऱ्या पायरीवर वाचलेल्या पानांची नोंद एका प्रचंड सूचीत होते. तिसऱ्या पायरीवर, कोणी प्रश्न विचारला म्हणजे त्या सूचीतून योग्य पाने क्रमाने पुढे मांडली जातात. म्हणून दूतास वाटच सापडली नाही, अथवा सापडूनही वाचता आले नाही, तर पुढचे सारे खुंटते. आपल्या ज्ञातिबांधवांची काही संकेतस्थळे आम्ही तरुणांसमवेत तपासली, तेव्हा बहुतेक दोष या पहिल्या दोन पायऱ्यांवरच आढळले. ते क्रमाने सांगतो.

पहिला दोष अक्षरांचा. एका दुकानाच्या पहिल्या पानावर नाव, पत्ता, मालाची यादी सारे सुबक मराठीत दिसत होते. परंतु ते सारे एक चित्र होते! छापील पत्रकाचे छायाचित्र काढून चिकटविलेले. माणसास ते वाचता येते. शोधयंत्राने मात्र चित्रातील अक्षरे ओळखून त्यांवर यादी बांधावी, असा भरवसा धरता येत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी छापखान्यातील जुन्या फाँटातला मजकूर तसाच उचलून घातला होता. अशा जुन्या फाँटांत डोळ्यांस मराठी दिसते, पण यंत्रास आत रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी मिळते. देवनागरीस युनिकोडमध्ये १९९१ सालीच स्थान मिळाले आहे. मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, आणि पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये स्पष्ट नोंदवावे.

दुसरा दोष शीर्षकाचा. प्रत्येक पानाच्या कोडमध्ये 'टायटल' नावाची एक ओळ असते. शोधयादीत ठळक अक्षरांत बहुधा तीच दिसते. आम्ही पाहिलेल्या संकेतस्थळांपैकी एकाच्या प्रत्येक पानावर तेथे केवळ 'होम' एवढाच शब्द होता. वर्गातल्या सर्व मुलांचे नाव एकच असेल तर हजेरी कशी घ्यावी? समईच्या पानाचे शीर्षक 'पितळी समई', पुढे दुकानाचे नाव व गाव, असे असावे. ते आटोपशीर असावे, कारण लांब शीर्षक यादीत मध्येच तुटते. त्याखालील वर्णनाची ओळ क्रमांक वाढवीत नाही. पण ती यादीत दिसल्यास गिऱ्हाइकास आत बोलाविते, म्हणून तीही मन लावून लिहावी. उलट, शोधशब्दांची लांबलचक माळ कोडमध्ये लपवून ठेवण्याची जुनी रीत आता निरुपयोगी आहे. तिचा आपण क्रम लावताना विचार करीत नाही, असे गूगलने २००९ सालीच जाहीर केले.

तिसरा दोष मांडणीचा. पाठ्यपुस्तकात धड्याचे नाव, त्याखाली उपशीर्षके, त्यांखाली परिच्छेद अशी उतरण असते. कोडमध्येही मुख्य मथळा, उपमथळे आणि परिच्छेद यांच्या स्वतंत्र खुणा आहेत. केवळ अक्षर मोठे व ठळक केले म्हणजे मथळा होत नाही; तशी खूण असावी लागते. प्रत्येक छायाचित्रास 'अल्ट' म्हणून एक वर्णन जोडता येते. तेथे 'फोटो १' असे न लिहिता 'मठारलेली तांब्याची घागर' असे लिहावे. दृष्टिहीन बांधवांचे वाचकयंत्र हेच वर्णन त्यांस वाचून दाखविते, म्हणजे व्यवहाराबरोबर परोपकारही साधतो.

चौथा दोष ओझ्याचा. मोबाइलवर काढलेले छायाचित्र चार-पाच एमबीचे सहज असते. अशी वीस छायाचित्रे एका पानावर टांगली की गिऱ्हाईक वाट पाहून निघून जाते. तेच छायाचित्र योग्य आकारात आणि वेबपीसारख्या स्वरूपात ठेवल्यास बहुधा शे-दोनशे केबीत बसते, आणि भांड्याची लकाकी तसूभरही कमी होत नाही. गूगलने यासाठी मापे घालून दिली आहेत. पानातील मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि वाचता वाचता मजकूर जागचा हलू नये. दर चार भेटींपैकी किमान तीन भेटींत हे साधले तर पान चांगले समजावे. ही परीक्षा पेजस्पीड इनसाइट्स या साधनाने फुकट घेता येते. मात्र केवळ वेगाने पहिला क्रमांक मिळत नाही. धावत आलेल्या मुलास आपण शाबासकी देतो, पण गुण उत्तरालाच देतो.

पाचवी गोष्ट मोबाइलची व सुरक्षिततेची. गूगल आता पानाचे मोबाइलवरील रूपच प्रमाण मानून नोंद करते. म्हणून जे संगणकावर दिसते ते सर्व मोबाइलवरही दिसले पाहिजे. पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' ही सुरक्षित खूण असावी. २०१४ पासून ती क्रमातील एक लहानशी जमेची बाजू धरली गेली. तिच्यावाचून ब्राउझर गिऱ्हाइकास सावध करतो, आणि उंबऱ्यावरच सावध झालेले गिऱ्हाईक आत येत नाही.

सहावा दोष तर आम्हांस चमत्कारिकच वाटला. संकेतस्थळ बांधले जात असताना ते अर्धवट दिसू नये म्हणून 'नोंद करू नका' अशी खूण कोडमध्ये ठेवितात. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी एक लहानसा चौकोनच आहे. काम संपल्यावर ती खूण काढावयाची राहून गेली, आणि दुकान कित्येक महिने शोधयंत्रास अदृश्य राहिले! दुकान उघडून गल्ल्यावर बसावे, पण बाहेर 'आज बंद' ही पाटी तशीच लटकत राहावी, तसे हे झाले. ही खूण काढलेली आहे, सर्व पानांची अनुक्रमणिका, जिला 'साइटमॅप' म्हणतात, ती दिलेली आहे, आणि पाने सूचीत आली आहेत, याची खात्री सर्च कन्सोल या विनामूल्य साधनाने करून घ्यावी.

कोड शुद्ध झाल्यावर मजकुराकडे वळावे. 'आमचे येथे सर्व प्रकारची भांडी योग्य दरात मिळतील' या वाक्याने कोणाचेही समाधान होत नाही. घागर किती वजनाची, पत्रा किती जाड, तोंडाचा व्यास किती, कल्हई आतून केली आहे काय, मोड दिल्यास कसा हिशेब होईल, तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ का ठेवू नये, हे प्रश्न गिऱ्हाईक दुकानात रोज विचारते. त्यांची उत्तरे आपल्या वडीलधाऱ्यांच्या जिभेवर आहेत. ती लिहून काढा. मराठीत लिहा, हिंदी-इंग्रजीतही लिहा. या अनुभवाची बरोबरी नुसत्या व्यापाऱ्यास करता येणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलने भारतातही प्रश्नांची तयार उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने वर मांडण्यास आरंभ केला. ती उत्तरेही कोणाच्या तरी लिखाणावरच उभी राहतात. ते लिखाण आपले का असू नये?

त्याच जोडीला नकाशावरील नोंद. गूगल बिझनेस प्रोफाइल ही नोंद विनामूल्य आहे. दुकान शोधास कितपत अनुरूप आहे, किती जवळ आहे आणि किती नावाजलेले आहे, या तीन गोष्टींवर तेथील क्रम ठरतो. नाव, पत्ता, दूरध्वनी व दुकानाच्या वेळा नकाशावर आणि संकेतस्थळावर अक्षरशः सारख्या असाव्यात. सणासुदीच्या सुट्या वेळीच नोंदवाव्यात. लांबून आलेल्या गिऱ्हाइकास कुलूप दिसले तर ते पुन्हा येत नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. 'दहा दिवसांत पहिला क्रमांक, हमखास' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. असा हमखास क्रमांक कोणीही देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगते. पैसे भरून जाहिरात वर दिसते, परंतु साध्या शोधातील क्रम पैशाने विकत मिळत नाही. सुधारणांचे फळ दिसण्यास बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते. आमच्या पाहण्यातील एका बांधवास अशाच कोणी भुलविले. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत शेकडो शब्द दडविले, आणि भलत्याच स्थळांवरून दुवे विकत आणले. काही आठवडे नाव वर आले आणि मग शोधयादीतून पार नाहीसे झाले. विकतच्या दुव्यांसारख्या लबाडीस आळा घालण्यासाठी गूगलने एप्रिल २०१२ पासूनच आपले नियम कडक केले आहेत. त्याहून वाईट हे की, संकेतस्थळाचे नाव त्या कारागिराने स्वतःच्याच नावावर नोंदविले होते. बांधवाने पैसे मोजले, पण मालकी परक्याची राहिली. दुकानाची जागा घेताना आपण खरेदीखत वाचतो. मग हे नाव कोणाच्या नावावर आहे, ते का पाहू नये? फुकटच्या आधारावरही विसंबू नये. बिझनेस प्रोफाइलबरोबर आयती मिळणारी संकेतस्थळे गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि ज्यांचे सर्वस्व तेथेच होते त्यांची पाने गेली. म्हणून नाव, परवलीचे शब्द आणि मजकुराची प्रत आपल्या हाती, आपल्या घरी असावी.

शेवटी संस्थेपुढे आमच्या तीन नम्र सूचना आहेत. संगणक शिकलेल्या ज्ञातीतील प्रत्येक तरुणाने अथवा तरुणीने यंदा एका दुकानाचे संकेतस्थळ वर सांगितलेल्या क्रमाने तपासून द्यावे. जे वृद्ध कारागीर लिहू शकत नाहीत, त्यांच्या तोंडून भांड्यांची नावे, मापे व कृती विद्यार्थ्यांनी उतरवून घ्याव्यात. हे काम आम्हां निवृत्त शिक्षकांकडून शुद्धलेखनासाठी तपासून घ्यावे, त्याचा मोबदला नको. आणि ज्या भगिनी पतीच्या पश्चात एकट्याने दुकान सांभाळीत आहेत, त्यांच्या नावनोंदणीचा वार्षिक खर्च संस्थेने उचलावा. तो एका सत्कारसमारंभाच्या हारतुऱ्यांहून अधिक नाही.

बंधुभगिनींनो, आपल्या पूर्वजांनी भांड्यावर केलेला प्रत्येक घाव मोजून केला. एक घाव चुकला तर भांडे बसत नसे. संकेतस्थळाचे कोडही असेच चिकाटीने, एकेक ठोका देऊन सुधारावयाचे असते. ती चिकाटी आपल्या रक्तात आहे. तिचा उपयोग आपण करावा, इतकीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.