माजघरातला हिशोब
(मुक्ताईनगर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर आपण दर बैठकीत बोलतो. आज जरा चुलीपाशी जाऊ.

मुक्ताईच्या गावात मांड्यांची गोष्ट नव्याने सांगायला नको. गावातल्या शहाण्यांनी त्या पोरीला खापर मिळू दिले नाही, म्हणून तिने ज्ञानोबांच्या पाठीवर मांडे भाजले, असे सांगतात. खानदेशात खापर अजून आहे, पुरणाचे मांडेही आहेत. शेतातून हलली आहे ती ज्वारी.

या गावाला एदलाबाद म्हणत तेव्हापासून आमच्या घरी तीन हिस्से ज्वारी, एक हिस्सा अख्खे उडीद आणि थोडे मीठ एकत्र दळून कळणा होतो. त्याची भाकरी, ठेचा, वर कच्चे तेल. शेतात दुपारपर्यंत दुसरे काही मागावे लागत नाही. तापी-पूर्णेच्या काळ्या जमिनीत पूर्वी ओलीवर दादर पिकायची. माणसाला दाणा, बैलाला कडबा. मग संकरित ज्वारी आली. पीक जादा आले, पण भरल्या कणसावर पाऊस पडला की दाणा काळा पडू लागला. पाखरे होतीच. नगदी पैसा कापसात दिसला आणि आम्हीही एकेक तास करीत सगळे रान कापसाला दिले. यात कोणाचा मूर्खपणा नव्हता. पोरांच्या शाळेची फी ज्वारीत कोण घेणार?

पण वही उघडा. पाच माणसांच्या घरात रोज 2 किलो पीठ लागते असे धरा. वर्षाला 7 क्विंटल 30 किलो झाले. 2024-25 चा संकरित ज्वारीचा हमीभाव 3371 रुपये क्विंटल होता. त्या भावानेच 24 हजारांच्या वर जाते, दुकानातली ज्वारी त्याहून महाग. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने कार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते, ते घ्या. पण त्यात कडबा येत नाही, आणि कळणाही येत नाही.

आता आमच्या घरची गोष्ट, सांगायला लाज वाटते. चैत्र-वैशाखात आमच्याकडे बिबडे होतात. ज्वारी ओलवून कांडायची, कोंडा पाखडायचा, भरडायची, भिजत घालायची. पहाटे मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, हाताला पोळेपर्यंत ढवळायचा. तीळ, लसूण, मिरची घालून ओल्या धोतरावर थापायचे आणि ऊन चढायच्या आत उरकायचे. शहरातल्या एका ओळखीच्याने बिबडे मागितले. घरच्या बाईने भाव सांगितला. आम्ही पुरुष हसलो. म्हणालो, ज्वारी घरची, लसूण घरचा, मग एवढा भाव कशाचा?

ती म्हणाली, "आणि हात कोणाचे?"

व्यापारी आमच्या कापसाला म्हणतो तेच आम्ही तिला म्हटले होते. कृषिमूल्य आयोग शेतात राबणाऱ्या घरच्या माणसांची मजुरी निदान कागदावर तरी धरतो. किती धरतो हे भांडण वेगळे. चुलीपाशी राबणाऱ्या बाईची मजुरी आमच्या कोणाच्याच कागदावर नाही. 1986 साली चांदवडला लाखो बाया जमल्या होत्या. 1991 साली शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली: सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. माजघर शेती म्हणजे पिकलेला माल कच्चा न विकता घरात त्याचे काही करून विकणे. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि सरकी लावायला निघून गेलो.

जुने सगळे सोन्याचे होते असे आम्ही म्हणत नाही. पहाटे जात्यावर बसणाऱ्या आयांना विचारा, गिरणी आली तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. बिबड्यांसाठीही कांडप यंत्र असावे, पापडाचे मशीन असावे. बाईची कंबर मोडून परंपरा टिकवायची असेल तर ती आमच्याकडून टिकणार नाही. दुकानात बाजरी-ज्वारीची बिस्किटे चकचकीत कागदात विकली जातात. संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे वर्षच भरडधान्यांचे म्हणून जाहीर केले होते. गिऱ्हाईक आहे. आपला माल त्याच्यापर्यंत जात नाही.

येत्या हंगामात घरी खाण्यापुरती ज्वारी आणि बांधाच्या कडेने उडीद, एवढेच आमचे मागणे आहे. कापूस सोडा असे कोणी सांगत नाही. पुढच्या बैठकीला येताना वही आणा: घरात काय केले, किती वेळ लागला, विकले असते तर काय आले असते. आकडे घरच्या बाईने सांगायचे, आपण फक्त लिहायचे.

जेवण तयार आहे. कळण्याची भाकरी, भरीत आणि कढी. वाढायला आज पुरुषांनी उठायचे आहे.