न उमटलेला रंग

नवी मुंबईंत खारघर येथें टाटा मेमोरियल सेंटरची जी कर्करोग-संशोधनाची संस्था आहे, तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'ॲक्ट्रेक' म्हणतात. तिची मुळें परळांत आहेत. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या संचालकत्वाखालीं १९५२ सालीं तेथें भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झालें, आणि चालू शतकाच्या आरंभीं तें कार्य खाडी ओलांडून खारघरला आलें. अशा प्रयोगशाळांच्या शीतकपाटांत इवल्याशा कुप्या असतात. आंत थेंबभर पाण्यासारखा द्रव, वर चिठी : 'एमएलएच-१ विरुद्ध प्रतिपिंड'. आज मला या थेंबाविषयीं बोलावयाचें आहे. कारण त्याच्या साक्षीवर एकाद्या कुटुंबांतील चार-सहा माणसांचें आयुष्य अवलंबून असूं शकतें.

प्रतिपिंड ही वस्तु आपणांस अगदींच अपरिचित नाहीं. सर्पदंश झालेल्या माणसास जें औषध टोंचतात, तें घोड्याच्या रक्तांतील प्रतिपिंडांचेंच असतें. विष थोडथोडें टोंचून घोड्यास त्याची ओळख करून दिली, कीं त्याचें रक्त त्या विषास नेमकें पकडणारीं द्रव्यें तयार करतें. परळच्या हाफकिन संस्थेचें नांव या औषधामुळेंहि घरोघरीं पोचलें. १८९० सालीं बर्लिनमध्यें बेरिंग व किटासाटो यांनीं या द्रव्यांचा गुण दाखवून दिला, तेव्हां उद्देश रोग बरा करण्याचा होता. पुढें लक्षांत आलें कीं, जें द्रव्य हजारों पदार्थांतून एकच हुडकून त्यालाच चिकटतें, तें शोधक म्हणूनहि वापरतां येईल. १९७५ सालीं केंब्रिज येथें कोलर व मिलस्टाइन यांनीं उंदराची प्रतिपिंड करणारी पेशी व न थांबतां वाढणारी एक कर्कपेशी यांचा संकर घडविला, आणि एकाच साच्यांतलीं प्रतिपिंडें हवीं तितकीं मिळूं लागलीं.

आतां एमएलएच-१ म्हणजे काय? आपल्या पेशींत डीएनएचा ग्रंथ असतो. त्याच्या एका प्रतींत सुमारें तीनशें कोटि अक्षरें, आणि अशा दोन प्रती. एक आईकडील, एक वडिलांकडील. पेशी दुभंगण्यापूर्वीं हा सारा ग्रंथ उतरून काढावा लागतो. मीं आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. फळ्यावरील दहा ओळी बिनचूक उतरणारा विद्यार्थी विरळाच भेटला. पेशीचा लेखनिक मात्र लिहितां लिहितांच आपली चूक खोडून, सुमारें कोटि अक्षरांमागें एका चुकीवर येऊन थांबतो. तरी सहाशें कोटि अक्षरांत त्या सहाशें होतात! म्हणून लेखनिकामागून तपासनीस फिरतात. एमएसएच-२ व एमएसएच-६ हीं प्रथिनें जोडीनें चूक हुडकतात. एमएलएच-१ व पीएमएस-२ ही दुसरी जोडी नव्या ओळीस छेद देते, चुकीचा तुकडा काढला जातो व तेथें शुद्ध अक्षरें भरलीं जातात. या व्यवस्थेचा उलगडा केल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५ सालीं, लिंडाल व संजार यांच्यासमवेत, रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें वृत्त वाचून मला, खरें सांगावयाचें तर, थोडा हेवाच वाटला. वह्या तपासण्याच्या कामास असा मान क्वचित्.

या प्रत्येक तपासनिसाचें जनुक आपणांपाशीं दुहेरी असतें. एकाद्या घराण्यांत त्यांतील एक जन्मतःच सदोष येतें. दुसरें काम करीत आहे तोंवर कांहींच जाणवत नाहीं. परंतु मोठ्या आंतड्याच्या अथवा गर्भाशयाच्या अस्तरांतील एकाद्या पेशींत तेंहि बिघडलें, कीं चुकांवर चुका सांठत जातात व पुष्कळदां ऐन चाळिशींत कर्करोग उद्भवतो. अमेरिकेंतील मिशिगन येथील रोगनिदानतज्ज्ञ वॉर्थिन यांस १८९५ सालीं त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईनें सांगितलें कीं, आपल्या घरचीं माणसें याच रोगानें जातात आणि आपणहि तशाच जाऊं. ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगानें गेली. वॉर्थिन यांनीं त्या घराण्याचा वृत्तान्त १९१३ सालीं प्रसिद्ध केला. हेन्री लिंच यांनीं १९६६ पासून तशीं आणखी घराणीं पुढें आणलीं, व आज ही व्याधि लिंच यांच्या नांवानें ओळखली जाते. जनुकें सांपडूं लागलीं तीं १९९३ सालीं. शिवणाऱ्या बाईचें म्हणणें शास्त्रास उमगावयास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

कुपींतला थेंब येथें उपयोगीं पडतो. शस्त्रक्रियेंत काढलेली गांठ मेणांत बसवून तिच्या मिलिमीटरच्या अडीचशेंव्या भागाइतक्या पातळ चकत्या कांचपट्टीवर घेतात. मेण काढून, उष्ण द्रवांत ठेवून प्रथिनें उघडीं करतात व वर प्रतिपिंड सोडतात. एमएलएच-१ असेल तेथें तें चिकटतें. त्याच्या पाठीवर रंग आणणारें दुसरें प्रतिपिंड बसवितात, आणि सूक्ष्मदर्शकांतून पेशीचें केंद्रक तपकिरी दिसतें. नसेल तेथें नुसतें निळें. रोगाची खूण म्हणजे कांहींतरी अधिक दिसणें, अशी आपली समजूत. येथें खूण म्हणजे रंग न उमटणें.

आणि खरी अडचण येथेंच आहे. हजेरी घेतांना उत्तर आलें नाहीं, तर मुलगा गैरहजर, कीं मास्तरांचा आवाजच पोचला नाहीं? प्रतिपिंड शिळें झालें असेल, उष्णता कमी पडली असेल, तरीहि रंग उमटत नाहीं. म्हणून जाणता तज्ज्ञ आधीं गांठींतल्याच निरोगी पेशींकडे, विशेषतः तेथें जमलेल्या पांढऱ्या पेशींकडे पाहतो. त्या तपकिरी असून शेजारची कर्कपेशी कोरी असेल, तरच तो कोरेपणा मानावयाचा. त्याहि कोऱ्या असतील तर चाचणी रद्द. दुसरी साक्ष जोडीदाराची : एमएलएच-१ नाहीसें झालें कीं पीएमएस-२ देखील टिकत नाहीं, उलट एकटें पीएमएस-२ गेलें, तर एमएलएच-१ राहतें.

बऱ्याच कुप्यांवर 'केवळ संशोधनासाठीं' असें छापलेलें असतें. कित्येकांस ती विक्रेत्याची सबब वाटते. माझ्या मतें तो प्रामाणिकपणा आहे. तें प्रतिपिंड भलत्याच प्रथिनास चिकटत नाहीं, हें पाहण्याचा भार मग प्रयोगशाळेवर येतो. ज्यांतून तें जनुक मुद्दाम काढून टाकलें आहे, अशा पेशींवर तें घालून पाहतात. तेथेंहि रंग उमटला, तर अशी कुपी काय कामाची?

कोरें केंद्रक म्हणजे आनुवंशिक दोष सिद्ध झाला, असेंहि नव्हे. उतारवयांतील गांठींत पुष्कळदां एमएलएच-१चें जनुक शाबूत असून नुसतें मुकें झालेलें असतें. तो दोष सहसा मुलांकडे जात नाहीं. तें वेगळें काढून मग रक्तावरून जनुकाची परीक्षा करतात. दोष जन्मजात ठरला, तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याचा संभव निम्मा. ज्याच्याकडे आला, त्यास विशी-पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनीं आंतड्याची दुर्बिणीनें तपासणी करण्याचा सल्ला बहुधा देतात. गांठ कर्करोगाचें रूप घेण्याआधींच काढतां येते. ज्याच्याकडे आला नाहीं, तो या फेऱ्यांतून मोकळा. रोग्यासहि लाभ आहे. पसरलेल्या रोगांत, गांठींत हे तपासनीस नसतील तर उपयोगीं पडणारें पेम्ब्रोलिझुमॅब हें औषध २०१७ सालीं अमेरिकेंत त्यासाठीं मान्य झालें. तेंहि एक प्रतिपिंडच.

आपल्या घरांतून मात्र हा विषय निघत नाहीं. मुलीचें लग्न व्हावयाचें आहे, म्हणून काकांचा आजार 'पोटाचा विकार' या नांवाखालीं झांकला जातो. आजी कशानें गेली असें विचारावें, तर 'दुखण्यानें' एवढेंच उत्तर मिळतें. ही लाज मला समजते, पण पटत नाहीं. गांठीचा तो मेणाचा ठोकळा रुग्णालयें पुष्कळ वर्षें जपून ठेवतात, आणि त्यांतील प्रथिनें दीर्घ काळानंतरहि प्रतिपिंडास बहुधा ओळखूं येतात. वडील गेले असले, तरी त्यांच्या गांठीची परीक्षा अनेकदां करतां येते. जुन्या अहवालावर नमुन्याचा क्रमांक लिहिलेला असतो. तो घेऊन त्या रुग्णालयाच्या रोगनिदान विभागांत चौकशी करावी. कपाटांतले जुने कागद रद्दींत घालण्यापूर्वीं तो क्रमांक तेवढा उतरून घ्यावा, आणि उतरलेला एकदां मुळाशीं ताडून पाहावा.