पुणे आणि मुंबई : आपण काय घ्यावे?



आपल्या वारूळवाडीहून एक वाट पुण्यास जाते; दुसरी आळेफाट्यावरून, माळशेज घाट उतरून मुंबईस. या दोहोंपैकी एका शहरी आपले कोणी नाही, असे घर विरळाच. दोन्ही शहरे पुढारलेली आणि उदारमतवादी म्हणविली जातात. परंतु त्यांचे उदारपण एका मुशीतले नव्हे.

मुंबईचे उदारपण कामातून आले. गिरणी, गोदी आणि आगगाडी यांनी माणसास माणसाच्या खांद्याशी आणून उभे केले. आपल्या जुन्नर-आंबेगावकडील डबेवाला डबा पोचविताना जेवणाऱ्याची जात विचारीत बसत नाही. पुण्याचे उदारपण वादातून आले. १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकणारे हातही पुण्याचेच होते. मुंबईकर शेजाऱ्यास हटकीत नाही. पुणेकर हटकतो, पण पटले तर संस्था उभारतो.

अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ साली पुण्यात महिला विद्यापीठ स्थापिले. त्यास १५ लक्ष रुपयांची देणगी दिली मुंबईच्या सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी. विचार एका शहराचा, द्रव्य दुसऱ्याचे! नुसत्या विचाराने भिंती उभ्या राहत नाहीत आणि नुसत्या द्रव्यास दिशा नसते.

तथापि दोन्ही शहरांत भाड्याची खोली देताना आजही आडनाव विचारणारे भेटतात. आणि आपली शहरवासी मंडळी? लोकलमध्ये कोणाच्याही शेजारी बसतात. गावी लग्न ठरविताना मात्र मानपानाची जुनी यादी बाहेर काढतात. हुंडा १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरला. आपण त्याचे नाव तेवढे बदलले. शहराचा पोशाख घरापर्यंत आला, विचार मात्र घाटातच राहिला.

म्हणून मंडळास माझी नम्र सूचना आहे. शिक्षण फंडातील निम्म्या शिष्यवृत्त्या मुलींसाठी राखाव्यात, आणि ज्या विश्वासाने आपण मुलास शहरी धाडतो त्याच विश्वासाने मुलीसही धाडावे. वडीलधारे म्हणतील, शहरात मुली बिघडतात. इतकी वर्षे शाळेत काढल्यावर मी एवढेच सांगू शकतो, की बिघडण्यास शहर लागत नाही आणि सुधारण्यास नुसते शहर पुरत नाही. त्यास घरच्यांचे पाठबळ लागते. ते देणे आपल्या हाती आहे.