नोंदींचे जतन : एका संगणकाने दिलेला धडा



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापुढे मी याच शाळेत चार वर्षे बसलो. त्यांच्या नावाने आज येथे बोलण्याची संधी आपण दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अशा प्रसंगी संगणकातील हार्ड डिस्कचा विषय मी निवडावा, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु स्मृती टिकवायची कशी, हाच त्या विषयाचाही गाभा आहे. शिवाय गुरुजींच्या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक मला आपणांसमोर मांडायची आहे.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. शेजारचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आपला बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. वैनगंगेच्या या काठावर मराठीचा जो वारसा उरला, तो घराघरांत, जुन्या नोंदवह्यांत आणि वृद्धांच्या बोलण्यात विखुरलेला आहे. निवृत्तीनंतर आम्ही काही माजी विद्यार्थी तो गोळा करू लागलो. दाखल-खारीज नोंदवह्यांची छायाचित्रे घेतली. मराठी आणि पोवारी बोलणाऱ्या वृद्धांचे ध्वनिमुद्रण केले. हे सारे माझ्या टेबलावरच्या एका साध्या संगणकात साठत गेले.

संगणकाचे झाकण उघडले की मदरबोर्ड दिसतो. त्यावरील तांब्याच्या बारीक रेषांतून माहिती वाहते. तेच तांबे आपल्या जिल्ह्यात मलाजखंडच्या खाणीत निघते. जुन्या संगणकांत डिस्क जोडण्यासाठी ४० पिनांची, फितीसारखी रुंद केबल असे. एका केबलवर दोन डिस्क बसत आणि त्यांपैकी मुख्य कोणती, दुय्यम कोणती, हे चिमुकल्या जम्परने ठरवावे लागे. २००३ च्या सुमारास साटा ही बारीक केबल आली. तिच्यात एका पोर्टला एकच डिस्क, त्यामुळे घोळ नाही. पुढे एम.२ नावाची खाच आली. तीत बोटाएवढी लांब, पट्टीसारखी डिस्क बसते आणि तिचा वेग साटाच्या कित्येक पट असू शकतो.

मात्र यात एक मेख आहे. मदरबोर्डवरील मार्ग मोजके असतात. म्हणून पुष्कळ बोर्डांवर एम.२ची एखादी खाच भरली की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. आमचेही तसेच झाले. नवी डिस्क बसविली आणि जुनी दिसेनाशी झाली. ती मेली असे समजून आम्ही हवालदिल झालो. अखेर बोर्डाची पुस्तिका वाचली, केबल दुसऱ्या पोर्टला लावली आणि डिस्क सुखरूप सापडली.

पण डिस्क कधी ना कधी खरोखरच बंद पडते. यावरील उपाय बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एका निबंधात मांडला. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्कांचा समूह करावा, असे त्यांचे म्हणणे होते. या पद्धतीला 'रेड' म्हणतात. आज साध्या मदरबोर्डांवरही तिची सोय पुष्कळदा असते.

तिचे प्रकार अंकांनी ओळखतात. रेड ० मध्ये माहितीचे तुकडे दोन डिस्कांत वाटले जातात; वेग वाढतो, पण एक डिस्क गेली की सर्वच जाते. रेड १ म्हणजे आरसा; जे एकीवर, तेच दुसरीवर. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात. विद्यार्थ्यांनी येथे आपले गुणपत्रक आठवावे. एका विषयाच्या गुणांवर शाई सांडली, तरी एकूण बेरजेतून इतर गुण वजा केले की तो आकडा परत मिळतो. रेड ५ अशाच प्रकारचा एक ताळा जपून ठेवते. दोन विषयांवर शाई सांडली, तर मात्र इलाज नाही.

आम्ही आरसा निवडला. एका पावसाळ्यात वीज सारखी येत-जात राहिली आणि एक डिस्क कायमची बंद पडली. तरी एकही नोंद गेली नाही. नवी डिस्क लावली आणि काही तासांत तिच्यावर सर्व माहिती उतरली. आमचा विश्वास वाढला; तेथेच गाफीलपणा शिरला. दर महिन्याला एक निराळी प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची, हा नेम मी मोडला.

एका संध्याकाळी आवराआवर करताना, नावातील साम्यामुळे, मी भलताच फोल्डर पुसला. आरशाने आपले काम चोख बजावले. पहिल्या डिस्कवरून जे गेले, ते त्याच क्षणी दुसरीवरूनही गेले. परत मिळविण्याचे सारे प्रयत्न निष्फळ ठरले. त्या फोल्डरमध्ये गुरुजींचे दीड तासाचे ध्वनिमुद्रण होते. आपल्या लहानपणीच्या बालाघाटाविषयी ते मनमोकळे बोलले होते. बाहेरची प्रत त्याआधी तीन महिन्यांची होती.

मी गुरुजींना जाऊन सांगितले. ते रागावले नाहीत. "पुन्हा बसू," एवढेच म्हणाले. ते पुन्हा बसणे झाले नाही.

मित्रहो, आरसा म्हणजे निराळी प्रत नव्हे. तो यंत्राच्या मरणापासून वाचवतो. माणसाच्या चुकीपासून, चोरीपासून किंवा आगीपासून नाही. बोर्डच बिघडला, तर दुसऱ्या जातीचा बोर्ड तो डिस्क-समूह ओळखेलच, याचीही शाश्वती नसते. म्हणून मोलाच्या नोंदीच्या तीन प्रती असाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या इमारतीत, शक्य तर दुसऱ्या गावी. अधूनमधून ती प्रत उघडून पाहावी. कोणती डिस्क कोणत्या पोर्टला आहे, याची चिठ्ठी झाकणाच्या आत चिकटवावी.

विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती आहे. घरी आजी-आजोबा असतील, तर त्यांचे बोलणे मुद्रित करा आणि त्याच रात्री त्याची दुसरी प्रत दुसऱ्या घरी पोहोचवा.