शिक्षणावरचा खर्च



निवडणुकीचा पैसा म्हटलं की आपल्याला मतदानाच्या आदल्या रात्रीची पाकिटं आठवतात. मला ती चिल्लर वाटते. मोठा पैसा वेगळ्या वाटेने फिरतो.

आपल्याच गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा वीजप्रकल्प घ्या. १९९५ साली कंपनीच्या लिंडा पॉवर्स यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सांगितलं, की 'शिक्षण' आणि प्रकल्पाची आखणी यांवर सुमारे दोन कोटी डॉलर खर्च झाले. शिक्षण आपल्या पोरींचं नव्हे, आपल्या सरकारी मंडळींचं! त्याच वर्षी युती 'एन्रॉन समुद्रात बुडवू' म्हणत सत्तेवर आली, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द केला आणि पुढच्या वर्षी पुन्हा मान्य केला, तोही आधीपेक्षा मोठा. लाच सिद्ध झालेली नाही, हेही सांगते. पण सरकारच्या कानाशी कोण बसलं होतं, ते दिसलंच.

आणि वेलदूरच्या बायका? ३ जून १९९७ च्या पहाटे पोलीस त्यांच्या घरांत शिरले, फरफटत बाहेर काढून त्यांना मारलं. प्रकल्पावरच्या राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती.

२०१८ पासून निवडणूक रोख्यांनी देणगीदाराचं नावच झाकलं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. तोवर आपल्या बचत गटाच्या वहीत वीस रुपयांपुढेही नाव, आणि पक्षांच्या कोट्यवधींपुढे कोरी जागा! निवडणूक आयोगाने नंतर जाहीर केलेल्या याद्या मी आणल्या आहेत. चहाच्या वेळी बसून पाहू.