आकडा आणि भरवसा

मी कविता लिहिणारा माणूस आणि आज बोलणार आहे बंदुकीची दारू तोलायच्या काट्याविषयी. माझ्यासारख्या नावाचा माणूस आणि बंदुकीची दारू हे दोन्ही एका वाक्यात आले की ऐकणाऱ्याच्या भुवया थोड्या वर जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो की, मी जन्मात कधी बंदूक हातात धरलेली नाही. काटा मात्र मी बोलायला शिकलो तेव्हापासून बघत आलो. मिरजेला आमचं अत्तारीचं दुकान होतं. हळद-कुंकू, बुक्का, ऊद, अत्तराच्या कुप्या आणि थोडं केशर. केशर तोलायला अब्बांकडे लाकडी डबीत ठेवलेला एक नाजूक पितळी काटा होता आणि वजनं म्हणून काळ्या टिपक्याच्या लाल गुंजा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. शाळेतल्या पाढ्यांआधी हे कोष्टक मला पाठ झालं.

माझा भाचा अमेरिकेत, ओहायो राज्यात राहतो. त्या राज्यात लेक ईरी या अफाट सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचं ठिकाण आहे. १९०७ पासून तिथं राष्ट्रीय नेमबाजीचे सामने भरतात. त्या हवेत राहून भाच्यालाही कागदी लक्ष्यावर नेम धरायचा नाद लागला. हे नेमबाज पुष्कळदा काडतुसं विकत घेत नाहीत, घरीच भरतात. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकायची नाही. ती साफ करून पुन्हा मापात आणायची, बुडाशी नवी कॅप बसवायची, आत मोजून दारू घालायची आणि तोंडाशी नवी गोळी बसवायची. स्वतःच्या वापरापुरतं हे करायला तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करायचा तर लागतो. आपल्याकडे तसं नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे ऐकून कुणी घरी प्रयोग करू नये. मी बोलतोय ते काट्याबद्दल.

मध्यंतरी मी दोन महिने भाच्याकडे होतो. त्याच्याकडे जुना दांडीचा तराजू होता आणि आता त्याला इलेक्ट्रॉनिक काटा घ्यायचा होता. नुसता काटा नव्हे, दारू आपोआप मोजून घालणारं यंत्र. त्यानं माहितीपत्रकांचा ढीग माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, “मामू, तुम्ही तराजूच्या घरातले. तुम्हीच सांगा, कोणता घेऊ?”

पहिली गंमत मला त्या पत्रकांतच सापडली. तिथं वजन ग्रॅममध्ये नसून ग्रेनमध्ये होतं. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा. एका पौंडात ७,००० ग्रेन. एक ग्रेन म्हणजे जवळपास ६५ मिलिग्रॅम. हा ग्रेन आपल्याला परका नाही. कंपनी सरकारनं एकोणिसाव्या शतकात आपला तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचा आणि चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. म्हणजे आमची गुंज भरते पावणेदोन ग्रेनहून किंचित जास्त. आता ऐका. भाच्याला काटा हवा होता तो ग्रेनचा दहावा भाग दाखवणारा. म्हणजे एका गुंजेचे एकोणीस भाग करायचे आणि त्यातला एक ओळखायचा. अब्बा केशर तोलताना अर्ध्या गुंजेपर्यंत जायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, “काय बारीक नजर आहे!”

एवढी बारकाई कशाला? केशर अर्धी गुंज कमी-जास्त झालं तर खिरीचा रंग बदलेल. इथं तसं नाही. दारू प्रमाणाबाहेर जास्त पडली तर नळीतला दाब वाढतो आणि बंदूक चेहऱ्याजवळ फुटू शकते. फारच कमी पडली तरी धोका आहेच, कारण अशक्त बार गोळीला नळीतून बाहेर ढकलू शकत नाही. ती मध्येच अडकते आणि ते न कळता दुसरा बार उडवला तर नळीच फुटते. म्हणून ही मंडळी छापील भरणीपुस्तकातल्या कमाल मापापासून खूप अलीकडे सुरुवात करतात आणि एकेक पायरी पुढे जातात. पिस्तुलाच्या काडतुसात चार-पाच ग्रेनच दारू असते. तिथं अर्ध्या ग्रेनची चूक म्हणजे दहा टक्क्यांची चूक.

आता यंत्रं. वर एक प्लॅस्टिकचं भांडं, त्यात दारू. खाली आडवी फिरणारी नळी आणि तिच्या तोंडाशी काट्याचं पारडं. आकडा टाकला की नळी आधी भराभर फिरते, वजन जवळ आलं की हळू होते आणि शेवटी कण-कण सोडून थांबते. आरसीबीएस कंपनीचं चार्जमास्टर, हॉर्नडीचं ऑटो चार्ज ही त्यातली प्रसिद्ध नावं. दोन्हींचा दावा दशांश ग्रेन इकडे किंवा तिकडे, एवढ्या अचूकतेचा. त्यांच्या वरच्या पायरीवर प्रयोगशाळेच्या दर्जाचे काटे आहेत. जपानच्या ए अँड डी कंपनीचा एफएक्स-१२०आय हा काटा एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो. त्याला कण सोडणारं वेगळं यंत्र जोडायचं. किंमत मात्र कित्येक पट.

फरक आतल्या यंत्रणेचा आहे. साध्या इलेक्ट्रॉनिक काट्यात धातूची एक लहानशी पट्टी असते. वजनानं ती केसभर वाकते आणि तिच्यावर चिकटवलेल्या तारेतला विजेचा विरोध बदलतो. तो बदल म्हणजे आकडा. पण धातू उष्णतेनंही बदलतो. म्हणून असा काटा चालू केल्यावर निदान अर्धा तास तापू द्यावा लागतो आणि तरी तो दिवसभरात इकडेतिकडे सरकतो. महागड्या काट्यात पारडं खाली जाऊच देत नाहीत. विद्युतचुंबक त्याला जागच्या जागी उचलून धरतो आणि त्यासाठी किती वीज लागली त्यावरून वजन कळतं. तो अधिक स्थिर राहतो.

भाच्याचा ओढा अर्थातच त्या मिलिग्रॅमवाल्याकडे होता. मी त्याला विचारलं, “बाबा, एका घड्याळात सेकंदकाटा आहे पण ते दहा मिनिटं पुढे आहे. दुसऱ्यात सेकंदकाटा नाही पण वेळ बरोबर आहे. गाडी पकडायला कुठलं घेशील?” आकडा किती बारीक दाखवतो आणि तो किती खरा आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानात आपण पहिला विचारतो, दुसरा विसरतो. शिवाय, लांबट दाण्याच्या दारूचा एकच दाणा ग्रेनच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास भरतो. त्याहून बारीक मोजून करायचं काय? हजार यार्डांवर नेम धरणाऱ्याला त्या दाण्याची किंमत असेल. शे-दोनशे यार्डांवर पुंगळ्या-पुंगळ्यांमधला फरकच त्याहून मोठा असतो.

मग निवडायचं कसं? आम्ही दोघांनी मिळून चार प्रश्न काढले. पहिला प्रश्न असा की, हा काटा तपासता येतो का आणि कशानं? यंत्रासोबत जुळवणीसाठी बहुधा ५० ग्रॅमचं वजन येतं. ते झालं सुमारे ७७२ ग्रेन. आणि रायफलच्या काडतुसात तोलायचे असतात चाळीसेक ग्रेन. मोठ्या वजनाला खरा निघालेला काटा लहान वजनालाही खरा असेलच, असं नाही. म्हणून आपण जेवढं तोलणार तेवढ्याच्या जवळपासची प्रमाणित वजनं वेगळी घ्यायची. माझ्या मते यंत्राआधी हीच घ्यावीत.

दुसरा प्रश्न म्हणजे हळूहळू पडणारा कण त्याला कळतो का? काही काटे आकडा थरथरू नये म्हणून बारीक बदल गिळतात. पाच दाणे पडले तरी आकडा तोच, मग एकदम उडी. दुकानातच बघावं. पारडं उचलून पुन्हा ठेवल्यावर आकडा तोच येतो का? रिकामं ठेवलं की शून्यावर परततो का?

तिसरा प्रश्न, तो ठेवणार कुठं? पंखा, एसीचा झोत, डगमगतं टेबल, जवळ ठेवलेला मोबाइल, कोरड्या हवेतली स्थिर वीज, हे सगळे या काट्याचे शत्रू. सराफाचा काटा काचेच्या पेटीत असतो तो उगाच नाही. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. हा काटा वजन म्हणजे पृथ्वीची ओढ मोजतो आणि ती ओढ सगळीकडे सारखी नाही. विषुववृत्त आणि ध्रुव यांत अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. म्हणून काट्याचं गाव बदललं की त्याला पुन्हा जुळवावं लागतं. दांडीच्या तराजूला ही अडचण नाही. तो एका वजनाची दुसऱ्या वजनाशी तुलना करतो आणि ओढ दोन्ही बाजूंना सारखीच असते. अब्बांचा काटा मिरजेतून थेट ओहायोला नेला असता तरी तिथं तो तेच बोलला असता.

चौथा प्रश्न सफाईचा. काम संपल्यावर भांड्यातला शेवटचा दाणासुद्धा सहज काढता येतो का? कारण भांड्यात कालची दारू राहिली आणि आज ती दुसऱ्याच जातीची समजून भरली, तर काटा कितीही खरा असो, उपयोग शून्य. म्हणून टेबलावर एका वेळी एकाच दारूचा डबा, आणि उरलेली लगेच मूळ डब्यात, असा नियम आहे. काटा वजन सांगतो, वस्तू कोणती ते सांगत नाही.

शेवटी भाच्यानं मधल्या किमतीचं यंत्र घेतलं आणि वाचलेल्या पैशातून प्रमाणित वजनांचा चांगला संच. जुना दांडीचा तराजू त्यानं माळ्यावर टाकला नाही, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. यंत्रानं घातलेलं दर दहावं माप तो तराजूवर तोलतो. त्याची बारा वर्षांची मुलगी बाजूला वही घेऊन बसते आणि तारीख, दारूचं नाव, ठरलेलं माप, तराजूवरचं माप असं लिहिते. मी परतल्यावर काही महिन्यांनी त्याचा फोन आला. वहीत तिला दिसलं होतं की यंत्र दर वेळी तोच आकडा दाखवतंय, पण तराजूवरचं माप जड होत चाललंय. तपासणीचं वजन ठेवून पाहिलं तर काटा चार दशांश ग्रेन सरकलेला. घरात नवीन बसवलेल्या हीटरचा झोत थेट त्याच्यावर येत होता. त्या रात्री भरलेली चाळीस मापं त्यानं परत डब्यात ओतली. यंत्र बिघडलेलं नव्हतं. हीटरची दिशा बदलली, काटा पुन्हा जुळवला, झालं. त्या चाळिसांनी काही अनर्थ झाला असता का, कुणास ठाऊक. त्याचं माप कमालीच्या खूप अलीकडचं होतं. पण त्याच्या शेजारी ती मुलगी उभी असते, एवढं मला पुरेसं आहे.

आमच्या घरातल्या बोलीत तराजूला मीज़ान म्हणतात. हिशेबाच्या दिवशी ज्यावर माणसाची कर्मं तोलली जाणार, तोही मीज़ानच. त्यामुळे अब्बा रोज सकाळी दुकान उघडलं की आधी रिकामी पारडी उचलून बघायचे, दांडी सरळ आहे ना. गिऱ्हाईक समोर असलं तर मुद्दाम त्याच्यासमोर बघायचे. गझल लिहिणारेही ओळीच्या मापाला वजन म्हणतात. मात्रा बोटांवर मोजून बरोबर भरल्या, तरी ओळ मोठ्यानं म्हणून बघावी लागते. कान हा आमचा दुसरा तराजू.

आपल्यापैकी बहुतेकांना बंदुकीच्या दारूशी काही कर्तव्य नाही. पण इलेक्ट्रॉनिक काटा आता भाजीवाल्यापासून सराफापर्यंत सगळीकडे आला आहे आणि हिरव्या-लाल आकड्यांपुढे आपण मान डोलवतो. जुन्या तराजूवर दांडी मारली की आपण ओरडायचो, आता आकडा दिसला की गप्प बसतो. वैधमापनाचा २००९चा कायदा २०११च्या एप्रिलपासून लागू आहे. त्याप्रमाणे व्यापारातला इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. तो शिक्का बघायला मागणं म्हणजे दुकानदाराचा अपमान नव्हे. माल ठेवण्याआधी आकडा शून्यावर आहे का, एवढं बघायला तर काही खर्चही नाही. सोनं घेताना, औषधाची पूड बांधून घेताना, बाळाचं वजन करताना तेवढं जरूर बघा. काटा चांगला असेल तर त्याला तपासणीचं वावडं नसतं, आणि काट्यामागचा माणूस चांगला असेल तर त्यालाही नसतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)